झिजलेले सांधे आणि जनुकोपचार : विज्ञान व विवेक

(सुवर्ण महोत्सवानिमित्त अमडापूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धर्मसंस्थेच्या सुवर्ण महोत्सवात गुडघ्याचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर प्रवचनाच्या मंडपातच मिळते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मंडपाच्या मागच्या बाजूला दोन-चार खुर्च्या असत. आज खुर्च्यांच्या रांगा लागतात. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक मांडी घालून करणारे ज्येष्ठ आता थोडे उरले आहेत. पंचांग नमस्कार करताना दोन गुडघे, दोन हात व मस्तक ही पाच अंगे भूमीला टेकवावयाची असतात. त्यातील दोन अंगेच संपावर गेली तर वंदना मनातल्या मनात करावी लागते. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या, मांगीतुंगीची चढण, मुक्तागिरीचा घाट, सम्मेदशिखराची सुमारे सत्तावीस किलोमीटरची यात्रा, यांपैकी काहीही गुडघ्यांवाचून घडत नाही.

गृहस्थ खुर्ची घेऊ शकतो, डोली करू शकतो. साधू-साध्वींना ती सवलत नाही. चिखली-खामगाव मार्गाने अनवाणी विहार करणाऱ्या महाराजसाहेबांची पावले उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर पडतात, आणि त्या प्रत्येक पावलाचा भार गुडघा सोसतो. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत ‘स्थितिभोजन’ हा एक आहे. आहार उभ्यानेच घ्यावयाचा. ज्या मुनींना उभे राहणेच अशक्य होते, त्यांच्यापुढे आहाराचाच आणि पर्यायाने देहत्यागाचा प्रश्न येऊन ठाकतो. व्रताची दोरी अशा रीतीने सांध्यातील दोन-चार मिलिमीटर जाडीच्या एका थराला बांधलेली आहे. त्या थराचे नाव कूर्चा.

आपल्याकडे ‘गुडघ्यातले वंगण संपले’ किंवा ‘वाटी झिजली’ असे म्हणण्याची पद्धत आहे. दोन्ही शब्दप्रयोग सोयीचे असले तरी अचूक नाहीत. झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत, पांढरट, ओलसर गादी. तिच्यात पाण्याचे प्रमाण सर्वाधिक. त्या पाण्याला धरून ठेवणारे कोलॅजेनचे तंतू आणि ॲग्रिकॅन नावाचे रेणू. आणि या सर्वांची निर्मिती व निगा करणाऱ्या कूर्चापेशी. या पेशी संख्येने अत्यंत कमी असतात. गादीच्या एकूण आकारमानाचा अवघा काही टक्के भाग त्यांचा. गादीत रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. चालताना गादी दाबली जाते व सुटते, त्या वेळी सांध्यातील द्रव आत-बाहेर होतो आणि त्यातूनच या पेशींचे पोषण होते. म्हणून पूर्ण विश्रांती हा कूर्चेचा मित्र नव्हे, हे येथेच नमूद केलेले बरे.

रक्तपुरवठा नाही म्हणून दुरुस्तीही नाही. त्वचेला जखम झाली तर रक्ताबरोबर दुरुस्तीचे सर्व साहित्य तेथे पोहोचते. कूर्चेला जखम झाली तर कोणी फिरकत नाही. मज्जातंतू नसल्याने आरंभी वेदनाही होत नाही. वेदना जाणवते तोवर झीज हाडापर्यंत गेलेली असते. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात कूर्चा एकदा नष्ट झाली की पुन्हा भरून येत नाही, असे नोंदविले होते. त्यानंतर पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ते विधान पूर्णपणे खोडून काढणे वैद्यकाला जमलेले नाही.

प्रयत्न मात्र पुष्कळ झाले. हाडाला सूक्ष्म छिद्रे पाडून रक्त वर येऊ द्यावे, म्हणजे त्यातून नवी ऊती तयार होईल, ही एक रीत. नवी ऊती तयार होते, पण ती मूळ कूर्चेच्या जातीची नसते. व्रणासारखी तंतुमय असते व पुढे लवकर झिजते. १९९४ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील ब्रिटबर्ग, पीटरसन व सहकाऱ्यांनी निराळा मार्ग प्रसिद्ध केला. रुग्णाच्याच गुडघ्यातून कूर्चेचा लहानसा तुकडा घ्यावयाचा, प्रयोगशाळेत त्यातील पेशी वाढवावयाच्या आणि खड्डा पडलेल्या जागी पुन्हा रोवावयाच्या. त्यांच्या तेवीस रुग्णांपैकी ज्या सोळा जणांच्या मांडीच्या हाडाच्या टोकावर असे रोपण झाले, त्यांतील चौदा जणांना चांगला गुण आला. शेतकऱ्याला ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. रोपवाटिकेत रोपे वाढवून ती पडीक जागी लावावयाची, एवढाच तिचा अर्थ.

ही रोपवाटिका महाराष्ट्रातही आहे. लोणावळा येथील एका प्रयोगशाळेत रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशी वाढवून देण्याचे काम चालते, आणि ‘कार्टिग्रो’ या नावाच्या या उपचाराला भारताच्या औषध नियंत्रकांनी २०१७ साली विक्रीची परवानगी दिली. मात्र एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. हा उपचार खेळताना किंवा अपघातात पडलेल्या मर्यादित खड्ड्यासाठी, बहुतांशी तरुण व मध्यमवयीन रुग्णांसाठी आहे. साठी-सत्तरीत संपूर्ण गादीच विरळ झालेली असते, तेथे चार रोपे लावून शेत उभे राहत नाही. त्या जमिनीतच आग धुमसत असते.

येथून जनुकांचा विषय सुरू होतो. जनुक म्हणजे पेशीला दिलेला लेखी आदेश : अमुक प्रथिन तयार कर. झिजलेल्या सांध्यात दोन प्रकारचे आदेश कमी पडतात. एक, नवी कूर्चा बांधण्याचा. दुसरा, कूर्चेला खाणारा दाह थांबविण्याचा. ज्या प्रथिनांनी हे काम होते ती प्रथिने सुईने सांध्यात सोडता येतात. परंतु सांधा ही गळकी घागर आहे. आत सोडलेले प्रथिन काही तासांतच निचरून जाते, आणि कोणीही रोज गुडघ्यात सुई टोचून घेणार नाही. म्हणून १९९० च्या सुमारास अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे ख्रिस्तोफर इव्हान्स, पॉल रॉबिन्स आणि सहकारी यांनी विचार मांडला की, पाणी ओतत बसण्याऐवजी घागरीतच झरा निर्माण करावा. प्रथिन देण्याऐवजी त्याचा जनुक सांध्यातील पेशींना द्यावा, म्हणजे त्या पेशीच ते प्रथिन दीर्घकाळ तयार करीत राहतील.

जनुक पेशीच्या आत पोहोचवावयाचा कसा? त्यासाठी विषाणूचा उपयोग केला जातो. पेशीत शिरकाव करणे हा विषाणूचा स्वभावधर्मच होय. त्याच्या अंगातील रोगकारक जनुक काढून टाकावयाचे आणि त्या जागी उपयुक्त जनुक बसवावयाचा. दरोडेखोराकडून शस्त्रे काढून घेऊन त्याला टपाल वाटण्याच्या कामाला लावावे, तसे. हे काम दोन रीतींनी होते. पेशी शरीराबाहेर काढून त्यांत जनुक घालावयाचा व त्या परत सोडावयाच्या, ही पहिली. विषाणू थेट सांध्यात टोचावयाचा, ही दुसरी.

जुलै १९९६ मध्ये पिट्सबर्ग येथे माणसाच्या सांध्यावर हा प्रयोग प्रथमच झाला. त्याची रचना विवेकी होती. संधिवाताने बोटांचे सांधे निकामी झालेल्या आणि ते सांधे काढून कृत्रिम सांधे बसविण्याचे आधीच ठरलेले आहे, अशा नऊ स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. त्यांच्याच सांध्याच्या अस्तरातील पेशी काढून त्यांत ‘इंटरल्यूकिन-१’ या दाहकारक द्रव्याला रोखणाऱ्या प्रथिनाचा जनुक घालण्यात आला. त्या पेशी काही सांध्यांत सोडण्यात आल्या व इतर सांध्यांत साध्या पेशी सोडण्यात आल्या. एका आठवड्यानंतर ठरल्याप्रमाणे शस्त्रक्रिया होऊन सांधे काढले गेले व तपासले गेले. जनुक घातलेल्या सांध्यांत तो जनुक काम करीत असल्याचे दिसून आले आणि कोणालाही अपाय झाला नाही. या नऊ स्त्रियांना त्या प्रयोगातून स्वतःसाठी काहीही मिळावयाचे नव्हते. जाणारे सांधे गेलेच. आपल्या परिभाषेत याला दान म्हणावे लागेल.

एवढे होऊनही हा उपचार दवाखान्यात पोहोचण्यास विलंब का लागला, हे समजून घेतले पाहिजे. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेतच यकृताच्या एका आजारासाठी चाललेल्या जनुकोपचाराच्या चाचणीत अठरा वर्षांच्या युवकाचा मृत्यू झाला; विषाणूच्या मोठ्या मात्रेला त्याच्या शरीराने तीव्र प्रतिक्रिया दिली होती. जुलै २००७ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी विषाणूमार्गे जनुक घेतलेली एक ३६ वर्षांची महिला दगावली. चौकशीत तिच्या मृत्यूचे कारण बुरशीजन्य संसर्ग असल्याचे निष्पन्न झाले. ती प्रतिकारशक्ती कमी करणारी अन्य औषधेही घेत होती आणि जनुकामुळे मृत्यू झाला असण्याची शक्यता कमी मानली गेली. परंतु येथे एक प्रश्न उरतोच. गुडघा दुखतो म्हणून कोणी मरत नाही. ज्या आजाराने जीव जात नाही, त्याच्या उपचारात जिवाची जोखीम किती घ्यावयाची? कर्करोगात जी जोखीम योग्य ठरते, ती गुडघेदुखीत अयोग्य ठरू शकते. संशोधकांच्या संथपणाला अनेकजण नावे ठेवतात. या विषयात तरी तो संथपणा दोष मानता येणार नाही.

दक्षिण कोरियात जे घडले, ते सविस्तर सांगणे भाग आहे. तेथील एका कंपनीने कूर्चा बांधण्यास प्रवृत्त करणाऱ्या ‘टीजीएफ-बीटा-१’ या प्रथिनाचा जनुक घातलेल्या पेशींचे इंजेक्शन तयार केले. एका अर्भकाला असलेले अधिकचे बोट शस्त्रक्रियेने काढण्यात आले होते. त्या बोटातील कूर्चापेशी वाढविण्यात आल्या. तीन भाग साध्या कूर्चापेशी व एक भाग जनुकधारी पेशी, असे ते मिश्रण होते. जनुकधारी पेशी सांध्यात वाढत राहू नयेत म्हणून त्यांना किरणोत्साराने वंध्य केलेले असे. १६३ रुग्णांच्या चाचणीत वेदना कमी झाल्या व हालचाल सुधारली. मात्र गादी नव्याने भरून आल्याचा निर्विवाद पुरावा मिळाला नाही. जुलै २०१७ मध्ये ‘इन्व्होसा’ या नावाने त्याला परवानगी मिळाली. गुडघ्याच्या झिजेवरील जनुकोपचाराला बाजाराचे दार प्रथमच उघडले होते.

मार्च २०१९ मध्ये विक्री थांबली. अमेरिकेतील चाचणीच्या निमित्ताने पेशींची ओळख पटविली गेली, तेव्हा जनुकधारी पेशी कूर्चेच्या नाहीतच, त्या ‘२९३’ नावाच्या वृक्कपेशी आहेत, असे आढळून आले. विषाणू तयार करण्यासाठी प्रयोगशाळेत ज्या पेशी वापरल्या जातात, त्याच पेशी मूळ मिश्रणात शिरल्या होत्या आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या. अशा पेशींत गाठ निर्माण करण्याची क्षमता असू शकते. तोपर्यंत तीन हजारांहून अधिक रुग्णांनी ते इंजेक्शन घेतलेले होते. परवाना रद्द झाला आणि त्या रुग्णांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवण्याची व्यवस्था करावी लागली. अमेरिकेच्या नियामकांनी मात्र संपूर्ण तपासणीनंतर एप्रिल २०२० मध्ये, पेशींची खरी ओळख नोंदवून, तेथील चाचणी पुन्हा सुरू करण्यास अनुमती दिली. एकाच वस्तूविषयी दोन देशांचे दोन निर्णय झाले, आणि दोन्हींच्या मागे युक्तिवाद आहे. अनेकान्ताची सवय असलेल्या श्रोत्यांना यात विसंगती वाटू नये. पण एक गोष्ट दोन्हीकडे समान आहे : बाटलीवर जे लिहिले तेच बाटलीत असले पाहिजे. सत्य व्रताचा हा औषधशास्त्रातील अर्थ होय.

बांधकामाच्या जनुकांविषयी आणखी एक अडचण प्राण्यांवरील प्रयोगांत दिसली. ‘टीजीएफ-बीटा’ सांध्यात मुक्तपणे वाहू लागले तर गादीबरोबरच कडेला हाडाचे काटे वाढतात व अस्तर जाड होते. त्यामुळे अलीकडे अनेक संशोधकांचा कल पुन्हा आग विझविणाऱ्या जनुकाकडे वळला आहे. इव्हान्स यांनीच पुढे मेयो क्लिनिकमध्ये हा जनुक थेट गुडघ्यात टोचण्याची पहिली चाचणी नऊ रुग्णांवर घेतली व तिचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. १९९६ च्या नऊ स्त्रियांपासून २०२५ च्या नऊ रुग्णांपर्यंत, एकाच जनुकामागे एका माणसाचे जवळजवळ तीस वर्षांचे तप. दुसऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या उपचारात हाच जनुक अशा कळीसह बसविला आहे की, सांध्यात दाह वाढला म्हणजे तो जागा होतो व दाह ओसरला की शांत होतो. त्याच्या ७२ रुग्णांच्या प्राथमिक चाचणीत दोन वर्षांपर्यंत आराम टिकल्याचे सांगितले गेले असून पुढील टप्प्याच्या चाचण्या सुरू झाल्या.

भारतात कूर्चेच्या झिजेसाठी जनुकोपचार अद्याप उपलब्ध नाही. जनुक पोहोचविण्याचे तंत्र मात्र येथे रुजले आहे. मुंबईच्या आयआयटीत राहुल पुरवार व सहकाऱ्यांनी टाटा स्मारक रुग्णालयाच्या साहाय्याने रक्ताच्या कर्करोगासाठी विकसित केलेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचारात रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींत विषाणूमार्गे जनुक घातला जातो. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तो राष्ट्राला अर्पण केला. परदेशातील तत्सम उपचारापेक्षा त्याचा खर्च कितीतरी कमी आहे. सांध्यांच्या दृष्टीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे काम अधिक जवळचे. हिमोफिलियाच्या मुलांना गुडघ्यात वारंवार रक्तस्राव होतो व त्या रक्ताने कोवळ्या वयातच कूर्चा नासते. तेथील डॉक्टरांनी पाच रुग्णांच्या मूलपेशींत रक्त गोठविणाऱ्या घटकाचा जनुक घातला. २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यांचे रक्तस्राव थांबले. नासलेली गादी त्याने परत येत नाही, पण उरलेली वाचते.

आता अहिंसेच्या दृष्टीने पडणारे प्रश्न. ते टाळून हा विषय या व्यासपीठावर मांडता येणार नाही. प्रत्येक जनुकोपचार माणसापर्यंत येण्यापूर्वी ससे, उंदीर, घोडे यांच्यावर तपासला गेला आहे. प्रयोगशाळेत पेशी वाढविताना अनेकदा वासराच्या गर्भाच्या रक्तातील द्रव वापरतात. काही ठिकाणी रुग्णाचे स्वतःचेच रक्तद्रव्य वापरता येते. वर उल्लेखिलेल्या ‘२९३’ पेशींचा मूळ उगम १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये एका मानवी गर्भाच्या वृक्कातून झालेला आहे. हे कळल्यावर कोणी उपचार नाकारील, कोणी आजारी देहाच्या धर्मसाधनेसाठी स्वीकारील व प्रायश्चित्त घेईल. निर्णय ज्याने-त्याने गुरुजनांच्या मार्गदर्शनाने घ्यावयाचा. परंतु माहिती दडवून घेतलेला निर्णय हा निर्णयच नव्हे.

याच कसोटीवर आजची साधी औषधेही तपासली पाहिजेत, आणि येथे समाजात मोठे अज्ञान आहे. रात्रिभोजन व कंदमूळ वर्ज्य करणारे अनेक श्रावक गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन घेतात. ते बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेले असते. कॉन्ड्रॉइटिन गुरांच्या किंवा शार्क माशाच्या कूर्चेपासून येते. जिलेटिनची कॅप्सूल प्राण्यांच्या हाडा-कातड्याची. गुडघ्यात टोचण्याचे ‘जेल’ कोंबड्याच्या तुऱ्यापासूनही बनते आणि जिवाणूंच्या किण्वनातूनही बनते. विचारले तर दुसऱ्या प्रकारचे मिळू शकते. मक्यापासून केलेले ग्लुकोसामाइनही असते. गंमत अशी की २००६ साली अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत या दोन्ही गोळ्यांचा एकंदरीत गुण नुसत्या खोट्या गोळीपेक्षा अधिक आढळला नाही. म्हणजे नियमही मोडला आणि गुडघाही तसाच राहिला! डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची कथा तर सर्वश्रुत आहे. गुरांना ते दिल्यामुळे त्यांचे मृतदेह खाणारी गिधाडे लाखोंनी नष्ट झाली आणि २००६ साली भारत सरकारला त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. पांजरपोळ चालविणाऱ्या संस्थांनी हे विशेष लक्षात ठेवावयास हवे.

‘जनुकोपचाराने गुडघा नवा करून देतो’ अशा जाहिराती घेऊन मोठ्या शहरांतून कोणी आले, तर काय विचारावे? मानवावरील प्रत्येक चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या शासकीय नोंदवहीत असणे जून २००९ पासून सक्तीचे आहे. तो नोंदणी क्रमांक मागावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ साली जनुकोपचारासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यानुसार नीतिसमितीची मान्यता आहे काय, हे विचारावे. चाचणीत असलेल्या उपचारासाठी रुग्णाकडून लाखो रुपये मागितले जात असतील, तर तेथून उठून यावे.

ज्यांचा सांधा पूर्ण निकामी झाला आहे त्यांच्यासाठी सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हाच आजही खात्रीचा मार्ग आहे; ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातल्यापासून तो पूर्वीइतका आवाक्याबाहेर राहिलेला नाही. शस्त्रक्रियेनंतर खाली बसण्यावर बंधने येतात, याची जाणीव मात्र आधीच द्यावी. ज्यांची झीज आरंभीची आहे त्यांच्यासाठी मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन. शरीराचे एक किलो वजन घटले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे मोजमाप करून दाखविले गेले आहे. बाह्य तपांपैकी ऊणोदरीचा, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी जेवण्याचा, हिशेब कोणी गुडघ्याशी घातला नव्हता इतकेच.

विहार करणाऱ्या साधू-साध्वींच्या बाबतीत श्रावकांना करता येण्याजोगे काम थोडे निराळे आहे. मुक्कामाच्या दोन गावांतील अंतर उन्हाळ्यात कमी ठेवणे, पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेची मातीची वाट स्वच्छ करून ठेवणे, आणि गुडघा सुजलेला दिसला तर महाराजसाहेब काही म्हणत नाहीत म्हणून स्वस्थ न बसता चिखली किंवा बुलढाण्याच्या अस्थिरोगतज्ज्ञांना मुक्कामी बोलावून आणणे. औषध द्यावयाचे झाल्यास ते कशापासून बनले आहे, हे त्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे; महाराजसाहेबांना तो प्रश्न पडणारच आहे.